आजाराने किंवा अपंगत्वाने काम होत नाही, मग सरकारी मदत कशी मिळवायची? नागपूरकरांसाठी अर्जाचा योग्य क्रम

हा लेख लिहायचं कारण सरळ आहे. लोक तहसीलच्या रांगेत उभे राहतात, फॉर्म भरतात, आणि कागद परत हातात घेऊन घरी येतात. बहुतेक वेळा माणूस अपात्र असतो म्हणून असं होत नाही, कागद उलट्या क्रमाने गोळा केले म्हणून होतं. अर्धांगवायूने एक बाजू गेलेला माणूस ऑटोने सिव्हिल लाईन्सपर्यंत येतो, सोबत बायको रोजी पाडून आलेली असते, आणि खिडकीवर ऐकावं लागतं की उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. हे टाळता येतं.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा. "साहेब, याच्याच्यानं काम होत नाही" हे तुमच्यासाठी खरं दुःख आहे, पण फक्त तेवढ्यावर पैसे देणारी खिडकी जवळजवळ कुठेच नाही. एका ठिकाणी अपंगत्वाची टक्केवारी बघतात, दुसऱ्या ठिकाणी घराचं उत्पन्न, तिसऱ्या ठिकाणी पगारातून हप्ता कापला जात होता का, आणि चौथ्या ठिकाणी अपघाताची तारीख. म्हणून तुमच्या बाबतीत काय मोजलं जाणार ते आधी ठरवा, फॉर्म त्यानंतर.

## पायरी 1: तुमचा रस्ता कोणता ते ठरवा

कागद जमवायच्या आधी एक दिवस घरी बसून एवढंच करा. खालचे प्रश्न स्वतःला विचारा. दोन-तीन उत्तरं हो येऊ शकतात, मग रस्तेही तेवढेच.

पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) किंवा पीएफ कापला जातो किंवा जात होता का? हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी, कळमन्यातलं गोदाम, सिक्युरिटी एजन्सी, कुठेही असो, पगाराची स्लिप काढून बघा. कापला जात असेल तर तुम्ही पायरी 2 ने सुरुवात करा.

नोकरी कधी नव्हतीच, किंवा रोजमजुरी, घरकाम, हातगाडी, ऑटो असं काम होतं का? मग तुमचा मुख्य रस्ता संजय गांधी निराधार अनुदान योजना, म्हणजे पायरी 3 पासून पुढे.

आई-वडिलांपैकी कुणी सरकारी नोकरीत, रेल्वेत, ऑर्डनन्स फॅक्टरीत होतं आणि पेन्शन घेतं का? मग स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला पुढे आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. याचा पत्ताच नसतो बऱ्याच घरांना. पेन्शनर हयात असतानाच त्या मुलाचं नाव आणि अपंगत्वाचा कागद पेन्शन देणाऱ्या कार्यालयात नोंदवून घ्या. आई-वडील दोघेही गेल्यावर हेच काम करायला गेलं तर प्रत्येक कागदासाठी वणवण होते. पीएफच्या पेन्शन योजनेतही कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्याला हयातभर पेन्शनची सोय आहे.

बँक खात्यातून दरवर्षी मे अखेरीस 20 रुपये कापले जातात का? पासबुकवर एन्ट्री बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल आणि अपंगत्व अपघाताने आलं असेल, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 2 लाख आणि एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा निकामी झाला तर 1 लाख मिळतात. ही योजना 18 ते 70 वयासाठी आहे. जनधन खातं उघडताना फॉर्मवर सही घेतलेली असते, नंतर घरात कुणाच्या लक्षात राहत नाही.

सावध: या विम्याची खबर बँकेला अपघातापासून 30 दिवसांत द्यायची असते. माणूस मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या) वॉर्डात असला तरी घरच्या कुणीतरी बँकेत जाऊन लेखी कळवा आणि पोचवर शिक्का घ्या. पोलिसांचा पंचनामा किंवा एफआयआरची कॉपी, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. आजारामुळे आलेल्या अपंगत्वाला हा विमा लागू होत नाही.

## पायरी 2: नोकरी असेल तर राजीनामा देऊ नका

ही पायरी फक्त नोकरीवाल्यांची आहे, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून नीट वाचा.

अपघात झाला, किंवा मोठा आजार निघाला, आणि कंपनीतला माणूस घरी येऊन गोड बोलतो की "दादा, तुम्ही आराम करा, इथे सही करा, हिशोब करून देतो". ती सही राजीनाम्याची असते. एकदा नोकरी सुटली की "नोकरीत असताना अपंगत्व आलं" हे सिद्ध करणं कठीण होऊन बसतं, आणि पुढचे सगळे फायदे त्याच एका वाक्यावर उभे असतात.

ईएसआयसी असेल तर:

- कामावर किंवा कामावर जाता-येता अपघात झाला असेल तर कंपनीकडून ईएसआयसीला अपघाताचा रिपोर्ट गेला का ते लगेच बघा. कॉपी मागून घ्या. रिपोर्टच गेला नाही तर पुढे तो साधा आजार समजला जातो.
- अशा अपघातात काम बंद असेपर्यंत सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात. हप्ते अमुक इतके दिवस भरलेले असावेत अशी अट इथे नाही, कामावरच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.
- अपंगत्व कायमचं राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दर महिन्याला आयुष्यभर पैसे मिळतात. बोर्डासाठी अर्ज करायला टाळाटाळ नको, तात्पुरता लाभ बंद झाल्यावर लगेच द्या.
- आजार असेल तर साधा आजार लाभ पगाराच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. पण कॅन्सर, टीबी, अर्धांगवायू, गंभीर मानसिक आजार अशा 34 दीर्घ आजारांसाठी वेगळा वाढीव लाभ आहे, तो 80 टक्के आणि जास्तीत जास्त 2 वर्षं. यासाठी सलग 2 वर्षं नोकरी आणि ठरलेले हप्ते लागतात. 91 दिवस संपले की सगळं संपलं असं समजून लोक घरी बसतात, तसं करू नका, सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात डॉक्टरांना स्पष्ट विचारा की माझा आजार त्या यादीत बसतो का.

पीएफ असेल तर पेन्शनला 10 वर्षं नोकरी लागते असं सगळेच सांगतात, आणि साध्या पेन्शनला ते खरंही आहे. पण नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही 10 वर्षांची अट नाही, एक महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी चालतं. इथे बघतात ते असं, की तुम्ही जे काम करत होता *तेच* काम करायला तुम्ही कायमचे असमर्थ झालात का. वेल्डरची नजर गेली तर तो फोन उचलू शकतो का हा प्रश्न येत नाही. फॉर्म 10-डी भरायचा, मेडिकल तपासणी पीएफ ऑफिस करवतं. किमान पेन्शन महिन्याला 1000 रुपये आहे, म्हणजे फार नाही, पण ती हयातभर आहे आणि नंतर कुटुंबाला लागू होते.

सावध: पैशाची नड असते म्हणून लोक आधी पीएफचे सगळे पैसे काढतात आणि त्यात पेन्शनचाही भाग काढून घेतात. पेन्शनचा भाग उचलला की ही पेन्शन मागायला जागा उरत नाही. पीएफची रक्कम आणि पेन्शनची रक्कम वेगळी असते, फॉर्म भरणाऱ्याला हे आधी सांगा.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 20 प्रमाणे त्या माणसाला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही टाकता येत नाही. दुसरं जमेल ते काम द्यायचं, तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. "मेडिकली अनफिट" असं पत्र आलं तर घाबरून स्वेच्छानिवृत्ती घेऊ नका, आधी या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

## पायरी 3: आधार आणि नाव आधी सरळ करा

कंटाळवाणं काम आहे, पण हे सोडून पुढे गेलं तर सगळं परत करावं लागतं.

आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, शाळेचा दाखला, हे सगळं एका टेबलवर पसरा आणि एकेक अक्षर जुळवा. आपल्याकडे नेहमीचा घोळ म्हणजे एकावर "शालू", दुसऱ्यावर "शालिनी", लग्नाआधीचं आडनाव बँकेत आणि नंतरचं आधारवर, आणि जन्मतारखेत सगळ्यांचीच 1 जानेवारी. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आधारवरून बनतं, अनुदान आधारवरून खात्यात जातं, म्हणून आधार हेच मूळ धरा, आधी ते दुरुस्त करा आणि मग बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. उलटं केलं तर दोनदा खर्च.

तपासा: आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का? आणि तो नंबर चालू आहे का, घरातच आहे का? सायबर कॅफेवाल्याचा किंवा शेजारच्या पोराचा नंबर टाकलेला असतो आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातो. अंगठा लागत नसेल, हात वाकडे झाले असतील, तर आधार केंद्रावर तसं सांगा, बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख होते.

## पायरी 4: डॉक्टरी कागद, बोर्डाकडे जायच्या आधी

बोर्डाचे, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारे, डॉक्टर तुम्हाला पाच-दहा मिनिटं बघणार. त्यांच्यासमोर तुमचं सगळं आजारपण या फाईलमधून बोलणार, म्हणून फाईल तारखेप्रमाणे लावा. जुनं सगळ्यात खाली, नवीन वर.

फाईलमध्ये काय असावं: पहिल्या दिवसाचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि एमआरआयचे *रिपोर्ट* (नुसती फिल्म नको), ऑपरेशनची नोंद, चालू औषधांची चिठ्ठी, आणि गेल्या काही महिन्यांत तज्ज्ञ डॉक्टरने लिहिलेलं की उपचार कुठवर आले, आता सुधारणेची शक्यता किती. कानासाठी ऑडिओमेट्री, डोळ्यासाठी नंबर आणि नजरेच्या पट्ट्याची तपासणी, बौद्धिक अपंगत्वासाठी आयक्यू टेस्ट लागते. मानसिक आजारात उपचार किती काळ सलग चाललाय याचे कागद फार महत्त्वाचे असतात, म्हणून प्रादेशिक मनोरुग्णालयातली किंवा मेडिकलच्या मानसोपचार विभागातली प्रत्येक चिठ्ठी जपा. घरातले लोक जुन्या चिठ्ठ्या अपशकुनी म्हणून फेकून देतात, मी कळकळीने सांगतो, फेकू नका.

सावध: उपचार सुरू असताना फार लवकर गेलात तर डॉक्टर म्हणतात अजून सुधारणा होऊन राहिली आहे, नंतर या. फ्रॅक्चर, स्ट्रोक यात हे हमखास होतं. म्हणून आधी तुमच्या डॉक्टरला विचारा की प्रमाणपत्रासाठी आता जाऊ का.

आणि एक कडू गोष्ट. कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. हृदयविकार, किडनी फेल होऊन डायलिसिस, साधा कॅन्सर हे त्यात नाहीत, कितीही त्रास असला तरी त्याचं अपंगत्व प्रमाणपत्र मिळत नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया मात्र आहेत. आपल्या विदर्भात सिकलसेलची किती घरं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी "हा तर रक्ताचा आजार, याला कुठे अपंग म्हणतात" असं समजून कितीतरी तरुण पोरं अर्जच करत नाहीत. करा. कॅन्सर असेल तर निराश होऊ नका, त्याचा वेगळा रस्ता पायरी 7 मध्ये आहे.

## पायरी 5: यूडीआयडी अर्ज आणि बोर्ड

आता प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतं. हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र किंवा आधीच्या ऑनलाइन पद्धतीतलं असेल तरी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं नंबर असलेलं ओळखपत्र, काढून घ्या, कारण योजनांना आता तोच नंबर मागतात.

1. पोर्टलवर स्वतः किंवा सेतू केंद्रातून अर्ज भरा. फोटो, आधार, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा लागतो.
2. अपंगत्वाचा प्रकार नीट निवडा. एकापेक्षा जास्त असेल तर सगळे टाका. पाय आणि डोळा दोन्हीचा त्रास असताना फक्त पाय टाकला तर बोर्ड डोळा बघणारच नाही.
3. दवाखाना निवडा. तुमच्या जिल्ह्यातला किंवा जिथे उपचार चालू आहेत तो. शहरात बहुतेक लोक मेडिकल नाहीतर मेयो निवडतात. उपचार जिथे झाले तिथेच निवडलं तर जुने कागद सापडायला सोपं जातं.
4. अर्जाच्या पावतीची प्रिंट घ्या. त्यावरचा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.
5. कुठल्या अपंगत्वाची तपासणी कुठल्या वारी होते ते आधी विचारून मग जा. हाडाचं, कानाचं, डोळ्याचं वेगवेगळ्या दिवशी असू शकतं. सकाळी लवकर पोचा, मे महिना असेल तर पाणी आणि डोक्याला दुपट्टा सोबत घ्या, व्हीलचेअर गेटवर मागा.

नियमाप्रमाणे अर्ज केल्यापासून 3 महिन्यांत निर्णय व्हायला हवा. आणि 2 वर्षं अर्ज पडून राहिला तर तो निष्क्रिय होतो, परत करावा लागतो, म्हणून "केला आहे अर्ज, येईल कधीतरी" असं बसून राहू नका.

बोर्डासमोर काय करू नये: त्रास वाढवून सांगू नका, डॉक्टर रोज शेकडो बघतात, त्यांना कळतं. पण आपली आणखी एक सवय आहे ती याच्या उलट, लाजेने कमी सांगायची. "नाही नाही, हळूहळू चालतो मी" असं म्हणणारा माणूस घरी संडासपर्यंत भिंत धरून जातो. चांगल्या दिवसाचं सांगू नका, नेहमीच्या दिवसाचं सांगा. कपड्याची बटणं कोण लावतं, जेवण कोण भरवतं, किती पावलांनंतर थांबावं लागतं, हे सरळ सांगा. सोबत घरातलं असं माणूस न्या जे रोज सेवा करतं, दूरचा भाचा नको.

## पायरी 6: टक्केवारी हातात आल्यावर

कार्डाच्या रंगावरून अंदाज येतो. 40 पेक्षा कमी असेल तर पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. बहुतेक योजनांची खरी रेषा 40 ची आहे.

दोन समज इथे लोकांना फसवतात. पहिला, दोन अपंगत्वांची बेरीज होते असा. होत नाही. एक 40 आणि दुसरं 30 असेल तर 70 नाही, ठरलेल्या सूत्राने ते साधारण 57 येतं. दुसरा, एक डोळा पूर्ण गेला म्हणजे नक्की बसतो असा. दुसरा डोळा चांगला असेल तर एका डोळ्याचे 30 टक्केच धरतात, म्हणजे 40 च्या खाली. ज्याचं काम ड्रायव्हरचं होतं त्याचं पोट त्या 30 टक्क्यात पूर्ण गेलेलं असतं, हे मला मान्य आहे आणि हे अन्यायाचं वाटतंही, पण मोजायची पट्टी अवयवाची आहे, धंद्याची नाही. हे आधीच माहीत असलं तर निदान दलालाला पैसे देऊन "वाढवून घ्यायच्या" फंदात माणूस पडत नाही. खोट्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी होते आणि कायद्यात दंड आणि तुरुंग दोन्ही आहे.

टक्केवारी खरंच चुकली असं वाटत असेल तर अपील करता येतं, प्रमाणपत्राच्या तारखेपासून 90 दिवसांत. अपिलात भावना लिहू नका, "अमुक तारखेच्या रिपोर्टमध्ये असं आहे आणि तपासणीत ते धरलेलं दिसत नाही" असं लिहा, आणि तो रिपोर्ट जोडा.

तपासा: प्रमाणपत्रावर कायमचं लिहिलंय की तात्पुरतं? तात्पुरतं असेल तर मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाला लागा. मुदत संपली की अनुदान थांबतं.

## पायरी 7: संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज

आता कुठे तहसील. लोक सुरुवात इथून करतात, म्हणूनच अडकतात.

दिव्यांग म्हणून अर्ज करायचा तर वय 18 ते 65, अपंगत्व किमान 40 टक्के, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत, आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहणं. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्याला महिन्याला 2500 रुपये आहेत.

आजाराच्या नावाने अर्ज वेगळा. टीबी, कॅन्सर, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात अशा आजारामुळे स्वतःचं पोट भरता येत नाही अशा माणसाला अपंगत्व प्रमाणपत्र नसलं तरी या योजनेत जागा आहे, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा 21,000 आणि रक्कम 1500. सरकारी दवाखान्याचा आजाराचा दाखला लागतो. पक्षाघात असलेल्या माणसाला दोन्ही रस्ते उघडे आहेत, त्याने आधी प्रमाणपत्र काढावं आणि दिव्यांग म्हणून अर्ज करावा, मर्यादाही मोठी आणि रक्कमही.

80 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर इंदिरा गांधी अपंग निवृत्तीवेतन योजनेतून केंद्राचा वाटा येतो आणि उरलेला राज्य देतं. तुमच्या खिशात येणारी रक्कम तेवढीच राहते, दोन वेगळ्या पेन्शनी मिळतात असं नाही. अर्ज एकच करा.

उत्पन्नाचा दाखला सगळ्यात शेवटी काढा. हा दाखला आर्थिक वर्षाचा असतो आणि त्याची मुदत 31 मार्चला संपते. जानेवारीत काढून ठेवला, प्रमाणपत्र एप्रिलमध्ये आलं, की दाखला वाया. बोर्डाचं काम झाल्यावरच सेतूमध्ये अर्ज टाका. आणि उत्पन्न *कुटुंबाचं* धरतात हे विसरू नका. वर्षाचे 50,000 म्हणजे महिन्याचे साडेचार हजारही नाही. लग्न न झालेल्या दिव्यांग मुलाच्या अर्जात बापाचा पगार मोजला की अर्ज तिथेच पडतो. हे कठोर आहे, पण खोटा दाखला काढू नका, पकडलं तर घेतलेलं सगळं परत करावं लागतं.

अर्जासोबत: यूडीआयडी प्रमाणपत्र, आधार, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, फोटो. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूमधून. शहरातल्यांनी नागपूर शहर तहसील आणि हुडकेश्वर-बेसासारख्या कडेच्या वस्त्यांनी आपलं गाव शहरात येतं की ग्रामीणमध्ये ते आधी विचारावं, चुकीच्या तहसीलमध्ये दिलेला अर्ज पुढे सरकत नाही. कामठी, काटोल, उमरेडवाल्यांनी आपापल्या तहसीलमध्येच.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तारीख आणि शिक्का असलेली. अर्ज मंजूर करायला समितीची बैठक लागते, त्यामुळे विचारायचं ते "झालं का" असं नाही, "माझा अर्ज कुठल्या बैठकीत ठेवला" असं.

सावध, बायांसाठी: लाडकी बहीण आणि संजय गांधी दोन्ही एकत्र घेता येत नाही. दिव्यांग बाईला इथे 2500 आहेत, तिने 1500 च्या मागे लागून हा अर्ज मागे घेऊ नये.

प्रौढ मुलगा किंवा मुलगी ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांग असेल आणि बँकेत सही करू शकत नसेल, तर 18 वर्षं झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या स्थानिक समितीकडे राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली पालकत्वाचा अर्ज करा. याच चार प्रकारांसाठी निरामय आरोग्य विमाही आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत. मानसिक आजार या कायद्यात येत नाही.

## पायरी 8: मंजूर झालं, पैसे कुठे गेले?

अनुदान आता थेट आधारवर जातं. तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही, आधारशी *शेवटचं जोडलेलं* खातं जे असेल तिथे जातं. मागे कुणीतरी मोबाईलचं पेमेंट बँक खातं उघडून दिलेलं असतं, सिम घेताना अंगठा लावलेला असतो, आणि काकू इकडे राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन पासबुक भरून राहिल्या की पैसे आले का. आले असतात, तिकडे.

आधारच्या वेबसाईटवर बँक जोडणीची स्थिती दिसते, ओटीपी टाकून बघता येतं. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडायचा फॉर्म द्या. नुसतं केवायसी आणि ही जोडणी वेगळी आहे, बँकेतला माणूस "आधार लिंक आहे" म्हणेल, तुम्ही "डीबीटीसाठी आहे का" विचारा. खातं बरेच दिवस वापरलं नाही म्हणून बंद पडलंय का तेही बघा.

## पायरी 9: नामंजूर झालं किंवा मधेच थांबलं

तोंडी "नाही होत" हे उत्तर घेऊ नका. कारण लेखी मागा. कारण कागदावर आलं की अर्धं काम होतं, कारण बहुतेक वेळा ते एखाद्या दाखल्याचं असतं आणि तो दाखला देऊन नवीन अर्ज करता येतो. लेखी देत नसतील तर माहिती अधिकारात विचारा, 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न छोटे ठेवा: अर्ज क्रमांक अमुक कुठल्या तारखेला समितीपुढे ठेवला, निर्णय काय, कारण काय.

चालू अनुदान थांबलं तर या क्रमाने बघा: आधी बँक जोडणी, मग प्रमाणपत्राची मुदत, मग हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा नवीन दाखला दिला होता का. हयातीचा पुरावा दरवर्षी द्यावा लागतो, तो आणि उत्पन्नाचा दाखला कधी द्यायचा ते तहसीलमध्ये विचारून ठेवा आणि देताना परत पोच घ्या. अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर त्याला उचलून आणायच्या आधी तलाठ्याला किंवा शाखेला लेखी कळवा की घरी येऊन पडताळणी करा.

पत्ता बदलला, एका तहसीलमधून दुसऱ्यात राहायला गेलात, तर दोन्हीकडे कळवा. आणि वयाची 65 वर्षं पूर्ण होत आली की आधीच शाखेत जाऊन श्रावणबाळ योजनेत (65 वरच्यांच्या अनुदानात) वर्ग करायला सांगा, दिव्यांग असल्याची नोंद सोबत जाईल हे बघा, कारण तिथेही दिव्यांगाला 2500 आहेत आणि ती नोंद राहून गेली तर 1500 च येतात.